‘कळते, पण वळत नाही’ : एका अदृश्य उणिवेचा इतिहास



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली छापली जाते आणि ती वाचताना कोणाचाही ऊर अभिमानाने भरून यावा, हे साहजिकच आहे. परंतु शालान्त परीक्षेच्या यादीत अग्रभागी असलेली काही नावे पुढे पदवीच्या यादीत शोधूनही सापडत नाहीत, हे किती जणांच्या ध्यानात आले असेल? मुलगा बुद्धिमान, घरची परिस्थिती बरी, व्यसन नाही. तरी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षी गाडा रुततो. निबंधाची पहिली ओळ कागदावर उतरत नाही, शुल्क भरण्याची तारीख टळून जाते, सकाळच्या तासाच्या वेळी जागच येत नाही. अशा मुलास ‘आळशी’ म्हटले की आपले कर्तव्य संपते. त्या एका शब्दामागे काय दडले आहे, हे उमगावयास जगाला सुमारे दोनशे वर्षे लागली.

अलेक्झांडर क्रायटन नावाच्या स्कॉटिश वैद्याने १७९८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चित्त एका विषयावर स्थिर न राहण्याच्या विकाराचे वर्णन केले. १९०२ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी बुद्धी शाबूत असूनही स्वतःस आवरू न शकणाऱ्या मुलांविषयी व्याख्याने दिली. मात्र या उणिवेस त्यांनी नैतिक संयमाचा अभाव असे नाव दिले. म्हणजे दोष शरीराचा की शीलाचा, हा घोळ कायमच राहिला.

या घोळातून बाहेर पडण्याची वाट एका अपघाताने दाखविली होती, पण ती ओळखण्यास विलंब लागला. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिश गावाजवळ १३ सप्टेंबर १८४८ रोजी लोहमार्गासाठी सुरुंग ठासण्याचे काम चालू असता अकस्मात स्फोट झाला, आणि फिनिअस गेज या पंचवीस वर्षांच्या मुकादमाच्या डाव्या गालातून शिरलेली सव्वातेरा पौंड वजनाची पहार कवटी फोडून वर निघून गेली. आश्चर्य असे की, तो वाचला. त्याची वाचा व स्मृती टिकून राहिली. परंतु जो मुकादम पूर्वी कामाची चोख आखणी करणारा म्हणून नावाजलेला होता, तो आता बेत आखावा आणि आखताच सोडून द्यावा असा झाला. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. जॉन हार्लो यांनी १८६८ साली हे सविस्तर लिहून ठेवले. कपाळामागील मेंदूचा भाग दुखावला तर ज्ञान राहते, पण त्या ज्ञानास कामास जुंपणारा सारथी हरवतो, हे यातून हळूहळू विद्वानांच्या ध्यानी आले.

सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्झांडर लूरिया यांनी दुसऱ्या महायुद्धात डोक्यास जखमा झालेल्या सैनिकांचा अभ्यास केला. मेंदूच्या पुढील भागास इजा झालेला रुग्ण दिलेली आज्ञा तोंडाने बिनचूक म्हणून दाखवी, पण हात मात्र त्याप्रमाणे चालत नसे. आपल्या आजीबाईंनी ‘कळते पण वळत नाही’ असे जे म्हटले आहे, त्याचेच हे शास्त्रीय रूप नव्हे काय! पुढे म्युरिएल लेझाक या विदुषीने १९८२ साली या शक्तीची परीक्षा कशी करावी याचा विचार मांडला. तिचे शास्त्रीय नाव ‘एक्झिक्युटिव्ह फंक्शन’. आपण तिला कार्यसंयोजनशक्ती म्हणू. कामास आरंभ करणे, त्याचे टप्पे पाडणे, वेळेचे भान ठेवणे आणि मोह आवरणे ही तिची कामे. ती दुबळी असावयास डोके फुटावेच लागते असे नाही. अवधानाचा विकार, वाचनाची अडचण, स्वमग्नता अशा जन्मजात कारणांनीही ती दुबळी असू शकते. शाळेत असेतो आई उठविते, मास्तर वही तपासतात, म्हणून उणीव झाकली जाते. महाविद्यालयात हे सारे टेकू एकदम निघतात.

गेजच्या कथेचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही, आणि प्रस्तुत लेखकास तोच अधिक मोलाचा वाटतो. १८५२ साली तो दक्षिण अमेरिकेतील चिली देशात गेला आणि तेथे कित्येक वर्षे त्याने प्रवासी घोडागाडी हाकली. घोड्यांस चारा, खरारा, जुंपणी, उतारूंचे सामान, ठरलेला मार्ग, ठरलेली वेळ, हा क्रम रोजचाच. मॅल्कम मॅकमिलन या इतिहासकाराचे मत असे की, या बांधीव दिनक्रमानेच तो पुष्कळसा सावरला असावा. आत हरवलेला सारथी बाहेरच्या शिस्तीने काही अंशी भरून निघाला!

नेमके याच तत्त्वावर पुढे महाविद्यालयीन मदत उभी राहिली. अमेरिकेत १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४ ने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांस अपंगत्वावरून भेदभाव करण्यास मनाई केली. पण त्याचे नियम निघेनात, तेव्हा एप्रिल १९७७ मध्ये अपंग स्त्री-पुरुषांनी सॅन फ्रान्सिस्को येथील सरकारी इमारतीत तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडले, आणि त्याच महिन्यात नियमांवर सही झाली. १९८५ साली पटनी गावी वाचनदोष असलेल्या विद्यार्थ्यांसाठी लँडमार्क कॉलेज सुरू झाले. पुढे अवधानदोष असलेल्यांसही त्याने आपले म्हटले. योगायोग असा की, पटनी हे गेजला अपघात झाला त्याच व्हरमाँट राज्यात आहे. अशा संस्थांतील मदत ऐकावयास साधीच आहे. मोठ्या निबंधाचे लहान भाग पाडून प्रत्येकास वेगळी तारीख, आठवड्यातून एकदा मार्गदर्शकाशी भेट, शांत खोलीत परीक्षा व थोडा जादा वेळ.

आपल्याकडे याची मुळे नाहीत असे नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात वसतिगृहांचा पाया घातला. तेथील जैन बोर्डिंगात राहिलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास बोर्डिंग काढून मुलांस स्वतःच्या हातांनी काम करावयास लावले. हेतू अर्थातच गरिबांच्या शिक्षणाचा होता. तथापि वसतिगृहाची घंटा, सामुदायिक अभ्यासाची वेळ व अधीक्षकांची फेरी यांनी कितीतरी चंचल मुले नकळत तारली असतील, असे आमचे अनुमान आहे. आज मुले शहरात खोली घेऊन एकटी राहतात. तेथे घंटा कोण वाजविणार?

कायदा आता पाठीशी आहे. महाराष्ट्रात १९९६ पासून अध्ययन-अक्षम मुलांना शालान्त परीक्षेत सवलती मिळू लागल्या. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन-अक्षमता व स्वमग्नता यांस मान्यता दिली. अवधानदोषास मात्र त्या यादीत स्वतंत्र स्थान मिळालेले नाही, त्यामुळे ती मुले पुष्कळदा दोन्ही घरचा पाहुणा उपाशी अशा स्थितीत राहतात. म्हणून पालकांनी मुलगा वारंवार अडखळतो असे दिसताच वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. लोक काय म्हणतील, मुलीचे लग्न कसे जमेल, या भीतीने कित्येक घरांत हे दडविले जाते आणि मग पदवीही जाते व मनःस्वास्थ्यही.

पुष्कळ ज्ञातिसंस्थांत विद्यार्थी एकदा अनुत्तीर्ण झाला की शिष्यवृत्ती बंद होते. आमच्या मते, ती बंद करण्यापूर्वी त्याला बोलावून तो कोठे अडला हे विचारावे, आणि वर्षभर त्याच्यासाठी एक वडीलधारा नेमावा. आठवड्यातून अर्धा तास त्याच्याजवळ बसावयाचे, पुढील सात दिवसांची कामे कागदावर उतरवावयाची, आणि मागील कागद पाहावयाचा, एवढेच काम. आपल्या ज्ञातीत निवृत्त मंडळींची वाण नाही. प्रस्तुत लेखकास रविवारची सकाळ मोकळी असते. मंडळाने दोन विद्यार्थी त्याच्याकडे सोपवावेत.