स्थपतीचें कूळ : फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या घराण्याचा दप्तरांतील माग

आमच्या वलवण गांवाजवळून जाणारा मुंबई-पुणें लोहमार्ग जी. आय. पी. रेल्वे कंपनीनें घातला, व बोरघाटांतील त्याचा चढ इ. स. १८६३ त खुला झाला. या कामाचे मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल हे १८५९ त वारले, तेव्हां त्यांच्या पत्नी अ‍ॅलिसबाई यांनीं मक्ता पुढें चालवून काम तडीस नेलें. मक्ता हस्तांतरित झाला म्हणून एका स्त्रीचें नांव घाटाच्या इतिहासांत आलें. दप्तरांचा हा स्वभाव संशोधकानें ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. करार, हुद्दा किंवा वारसा एका हातांतून दुसऱ्या हातांत गेला, म्हणजेच त्यांत कुटुंबाचें दर्शन होतें. याच कंपनीचें मुंबईंतील मुख्य ठाणें उभारणारे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या घराण्याचा माग काढूं लागलें असतां हाच अनुभव येतो.

स्टीव्हन्स हे इंग्लंडांतील बाथ येथील राहणारे. १८६७ त ते मुंबई इलाख्याच्या पब्लिक वर्क्स खात्यांत इंजिनियर म्हणून दाखल झाले. त्यांची पहिली नेमणूक पुण्यास होती. तेथून मुंबईस गेल्यावर कर्नल फुलर यांच्या हाताखालीं त्यांनीं काम केलें. १८७६ त पुरें झालेलें रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम, म्हणजे आजचें राज्य पोलिसांचें मुख्यालय, हें त्यांचें पहिलें मोठें यश. पुढें सरकारनें त्यांना जी. आय. पी. कंपनीच्या कामावर दिलें, आणि बोरीबंदरचें स्थानक १८७८ पासून १८८८ पर्यंत दहा वर्षांत सिद्ध झालें. त्यास १६,१४,००० रुपये खर्च आला. व्हिक्टोरिया टर्मिनस या नांवानें प्रसिद्धीस आलेली ही वास्तु आज छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस या नांवानें ओळखली जाते, व २००४ पासून जागतिक वारशाच्या यादींत आहे. मध्यंतरीं १८८४ त त्यांनीं सरकारी नोकरी सोडून स्वतंत्र धंदा मांडिला. मुंबई म्युनिसिपालिटीची १८९३ त पुरी झालेली इमारत त्यांचीच. मार्च १९०० मध्यें हिवतापानें मुंबईस त्यांचा अंत झाला व शिवडीच्या दफनभूमींत त्यांना मूठमाती मिळाली.

ही झाली नोकरीची व कामांची हकीकत. घराण्याच्या शोधासाठीं मात्र निराळीं कागदपत्रें पाहावीं लागतात. इलाख्यांतील पाद्री बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या नकला नियमानें लंडनास पाठवीत. बाप्तिस्म्याच्या नोंदींत मुलाच्या आईबापांचीं नांवें व बापाचा व्यवसाय असे. दफनाच्या नोंदींत मृताचें वय असे. त्यांच्या जोडीस वर्षावर्षाच्या डिरेक्टरींतील रहिवाशांच्या याद्या घेतल्या, म्हणजे एखादें इंग्रजी कुटुंब कोणत्या सालीं कोठें राहत होतें हें बरेंचसें सांधतां येतें. सरकारी नोकरांच्या पटांत नेमणुका व बदल्या सांपडतात. त्यांचा उपयोग साल पक्कें करण्यास होतो.

या मार्गानें जातांना आडनांवाचा घोटाळा मात्र टाळला पाहिजे. स्टीव्हन्स यांचे चिरंजीव चार्ल्स फ्रेडरिक यांनीं बापाचाच धंदा चालविला. कुलाब्याजवळचें रीगल चित्रपटगृह १९३३ त उघडलें, तें या चार्ल्स यांचें काम. त्या वेळीं पिता वारून तेहेतीस वर्षें लोटलीं होतीं. पित्यानें गॉथिक धर्तीचीं शिखरें, कमानी व दगडी पशुपक्षी उभारले. पुत्रानें सिमेंटकाँक्रीटच्या युगांतील सरळ, गुळगुळीत रेषा पत्करल्या. "स्टीव्हन्स" एवढेंच नांव पाहून जो निर्णय करील, तो दोन पिढ्या व दोन शैली एकत्र कालवील. आद्याक्षरें व साल हीं दोन्हीं जुळल्याशिवाय कोणतीही इमारत कोणाच्याही पदरांत घालूं नये.

परंतु स्थपतीचें कूळ केवळ पुत्रानेंच चालतें काय? मयमत या शिल्पग्रंथांत स्थपति, सूत्रग्राही, वर्धकी व तक्षक असे चार शिल्पी सांगितले आहेत. सूत्रग्राही म्हणजे दोरी धरून मापें घेणारा. तो स्थपतीचा पुत्र अथवा शिष्य असावा असें तेथें म्हटलें आहे. पुत्र व शिष्य यांना शास्त्रानें एकाच आसनावर बसविलें, हें मार्मिक आहे. ही दृष्टि घेतली तर स्टीव्हन्स यांच्या कुळास दोन शाखा दिसतात. एक रक्ताची, ती चार्ल्स यांची. दुसरी कामाची, ती रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य यांची. बोरीबंदरच्या स्थानकाचे हे असिस्टंट इंजिनियर. पहिली शाखा चर्चच्या वह्यांत आहे. दुसरीसाठीं त्या वह्या मुक्या आहेत.

येथें आपल्या नांवांची रीतच साहाय्यास येते. इंग्रजी नांवांतील "एफ्. डब्ल्यू." या अक्षरांवरून बापाचा पत्ता लागत नाहीं. "सीताराम खंडेराव" या दोन शब्दांत मात्र पुत्र व पिता दोघेही उभे आहेत. जुन्या इंग्रजी लेखांत पुष्कळदां आडनांव गाळून एवढेंच लिहिलें जाई. राजाबाई टॉवरवर पश्चिम हिंदुस्थानांतील निरनिराळ्या जातींचे पुतळे योजणारे रावबहादूर मकुंद रामचंद्र हेही असेच आडनांवाविना आढळतात. म्हणून "वैद्य" या आडनांवाखालीं सूची चाळणाऱ्यास सीतारामपंत सांपडणार नाहींत. "खंडेराव" या नांवाखालींही पाहावें लागेल. नांव हा वंशावळीचा सर्वांत लहान कागद होय.

याउलट कुटुंबानें स्वतः लेखणी उचलली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण खानबहादूर मंचरजी कावसजी मर्झबान यांचें. हेही पब्लिक वर्क्स खात्यांतील नामांकित बांधणारे. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीशीं ट्रुबशा यांच्याबरोबर त्यांचें नांव निगडित आहे. त्यांचें चरित्र मर्झबान मंचरजी मर्झबान या त्यांच्या पुत्रानें १९१५ त प्रसिद्ध केलें, व त्यास १८२२ त "मुंबई समाचार" काढणारे या घराण्यांतील पूर्वज फर्दुनजी मर्झबानजी यांचें चरित्र जोडलें. आणखी मौज अशी कीं, फर्दुनजींच्या नांवांत जें पित्याचें नांव, तेंच मंचरजींच्या नांवांत आडनांव होऊन बसलें आहे. एल्फिन्स्टनच्या याच इमारतींत सरकारी दप्तरखानाही दीर्घकाल नांदला, आणि बांधणाऱ्यांच्या शोधासाठीं अभ्यासकांना त्यांनींच बांधलेल्या छपराखालीं बसावें लागलें.

सीतारामपंत व मकुंदराव यांच्यासारख्यांचा माग काढण्याचीं साधनें आपल्या घरांत आहेत. कुलवृत्तांत, जमाखर्चाच्या वह्या, लग्नाच्या याद्या, आणि नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या हीं तीं होत. यजमान तीर्थास गेला म्हणजे वहींत पिता, पितामह, बंधु व गांव यांचीं नांवें लिहून येई. पाद्र्याच्या वहीहून हा पुरावा कांहीं उणा नाहीं. चर्चच्या वह्यांच्या नकला लंडनास जतन झाल्या. आमच्या वह्यांना बहुधा दुसरी प्रत नाहीं. वाडा पाडतांना त्या रद्दींत जातात. ज्यांच्या घरीं इंजिनियर, ओव्हरसियर किंवा मिस्त्री अशा पूर्वजांचे कागद असतील, त्यांनीं त्यांची एक नकल तरी करून संशोधकांच्या हवालीं करावी, ही आमची विनंति आहे. इमारती उभ्या आहेत तोंवर त्यांच्या सूत्रग्राह्यांचीं नांवें पुरतेपणीं लिहून घेणें, हें आपलें देणें आहे.