थडग्यांचा पंचनामा

हॅलोविन जवळ आला की मुले खोटे सुळे लावून घरभर हिंडतात, आणि व्हॅम्पायर म्हणजे ड्रॅक्युला असे आपण धरून चालतो. ब्रॅम स्टोकरची ती कादंबरी १८९७ सालची. पण त्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी व्हॅम्पायरचा रीतसर सरकारी तपास झाला होता. मला कादंबरीपेक्षा तो तपासच अधिक थरारक वाटतो.

१७१८ च्या तहाने उत्तर सर्बिया ऑस्ट्रियाकडे आला. तिथल्या मेद्वेजा गावात १७३१ च्या हिवाळ्यात तीन महिन्यांत सतरा माणसे दगावली. गावकऱ्यांनी आरोपी ठरवूनच टाकला होता : काही वर्षांपूर्वी गवताच्या गाडीवरून पडून, मान मोडून मेलेला आर्नोल्ड पाओले. त्याचे प्रेत तेव्हाच जाळले होते. पण त्याने म्हणे गुरांचेही रक्त शोषले होते, आणि ते मांस खाणारेही मेल्यावर व्हॅम्पायर झाले!

आधी ग्लाझर नावाचे वैद्य आले. त्यांना साथ कुठे दिसेना. कडक उपासांनी माणसे खंगली आहेत, असे त्यांचे मत पडले. पण बंदोबस्त झाला नाही तर गाव सोडू, असे लोक म्हणू लागले. मग लष्करी शल्यवैद्य योहान फ्ल्यूकिंगर आले आणि जानेवारी १७३२ मध्ये थडगी उघडली गेली.

त्यांचा अहवाल म्हणजे नमुनेदार पंचनामा आहे. नाव, वय, आजाराचे दिवस, पुरल्याचे दिवस, सगळे टिपलेले. साठ वर्षांची मिलित्सा जन्मभर काटकुळी. थडग्यात मात्र अंगाने भरलेली! काही प्रेतांत रक्त पातळ, नखे नवी. त्याच मातीतली काही प्रेते मात्र कुजलेली. न कुजलेल्यांची शिरे तोडली, धडे जाळली, राख मोरावा नदीत सोडली. खाली डॉक्टरांच्या सह्या. हा अहवाल युरोपभर गाजला, आणि त्याच वर्षी लंडनच्या वृत्तपत्रांतून 'व्हॅम्पायर' हा शब्द इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचला.

आज यातल्या बहुतेक खुणांचा उलगडा होतो. आत वायू साठल्याने प्रेत फुगते. त्याच दाबाने तोंडानाकातून लालसर द्रव येतो. गोठलेले रक्त पुन्हा पातळ होऊ शकते. कातडी आक्रसली की नखे वाढल्यासारखी दिसतात. थंडीत कुजणे लांबते, आणि सगळी प्रेते एका वेगाने कुजतही नाहीत.

माझा व्यवसाय संगणकप्रणालींतले दोष शोधण्याचा. नोंदी बिनचूक आणि निदान मात्र साफ चुकीचे, हा प्रकार मला चांगला परिचयाचा आहे. फ्ल्यूकिंगरनी पाहिले ते खरेच होते. पण मेल्यानंतर साधारण माणसाचे शरीर कसे बदलते, हे ठाऊक नसताना त्यांनी 'असाधारण' काय ते ठरवले.

१७५५ मध्ये मोराव्हिया-सिलेशियाच्या सीमेवर रोझिना पोलाकिन या स्त्रीचे प्रेत असेच उकरून जाळले गेले; ते ओढून नेण्याचे काम तिच्या घरच्यांनाच करावे लागले. सम्राज्ञी मारिया थेरेसाने चौकशी करवली. तिचे वैद्य जेरार्ड व्हान स्वीटन यांनी थंडी, घट्ट बंद पेटी अशी साधी कारणे पुढे ठेवली आणि मृतांच्या विटंबनेवर सात्त्विक संताप व्यक्त केला. त्याच वर्षी अशा प्रकारांना कायद्याने बंदी झाली.

या रहस्यकथेत रक्तपिपासू कोणी नव्हताच. आरोपींना बोलता येत नव्हते, म्हणून निकाल सोपा झाला. त्यांची बाजू मांडणारा पहिला वकील मी व्हान स्वीटनला मानतो.