अलिबागची चुंबकीय वेधशाळा आणि सूर्याचा अभ्यास : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मृग तारकासमूहातील काक्षी या महाकाय तांबड्या ताऱ्याचे तापमान व आकारमान यांचे ज्ञान त्याच्याकडून येणाऱ्या प्रारणावरूनच होते. १९२० साली माउंट विल्सन वेधशाळेत मायकेलसन व पीझ यांनी त्याचा कोनीय व्यास मोजला, तोही प्रकाशाच्याच आधारे. सूर्य हा मात्र असा तारा आहे, की त्याने उत्सर्जित केलेले द्रव्य पृथ्वीपर्यंत पोहोचून चुंबकसूची विचलित करते. या विचलनाची अखंड नोंद रायगड किनाऱ्यावरील अलिबाग येथे कशी जपली गेली, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कुलाब्याचा वारसा :
ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये मुंबईत कुलाबा वेधशाळा स्थापन केली. तेथे १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे होऊ लागली. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन यांनी सूर्यावर तेजस्वी ज्वाला पाहिली आणि सुमारे साडेसतरा तासांत पृथ्वीवर तीव्र चुंबकीय वादळ उद्भवले. १५ कोटी किलोमीटरचे अंतर लक्षात घेता सौरद्रव्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २,४०० किलोमीटर ठरतो. कुलाब्याच्या निरीक्षकांनी प्रत्यक्ष पाहून लिहिलेल्या नोंदींत चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घटलेला आढळतो.

स्थलांतर व त्यामागील दृष्टी :
विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्रामची योजना पुढे आली. रुळांतून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहामुळे निरीक्षणे दूषित होणार, हे उघड होते. तत्कालीन संचालक नानाभाई मूस यांच्या काळात सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेस अलिबागची निवड झाली. इमारतीसाठी चुंबकीय गुणधर्म नसलेला पोरबंदरी दगड वापरून बांधकामात लोखंड टाळण्यात आले. विशेष म्हणजे १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेण्यात आली. त्यामुळे जुन्या व नव्या नोंदींची तुलना शक्य होऊन मालिका खंडित झाली नाही. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा अलिबागचे कार्य स्थिरावले होते. मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील नोंदींचे विश्लेषण १९१० मध्ये प्रसिद्ध केले.

नोंदींचे महत्त्व :
१८५९ च्या नोंदींचे खरे मोल पुढील पिढ्यांना उमगले. २००३ मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना व ॲलेक्स यांनी त्यांच्या आधारे त्या वादळाच्या तीव्रतेचे अनुमान मांडले. यांपैकी लाखिना व ॲलेक्स हे भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील संशोधक होत. अलिबागची वेधशाळा याच संस्थेच्या अखत्यारीत असून संस्थेचे मुख्यालयही रायगड जिल्ह्यातच, नवीन पनवेल येथे आहे. आज अशा वादळांचा धोका उपग्रह, वीजवाहिन्या व दळणवळण यांना संभवतो. म्हणूनच पूर्वीचे सर्वांत तीव्र वादळ किती मोठे होते, हे जाणणे व्यवहारदृष्ट्याही निकडीचे ठरते.

निष्कर्ष :
नोंद घेणाऱ्याला तिचा भावी उपयोग ठाऊक नसतो. तरीही नगरविकासापुढे मालिका तुटू न देण्याचा निर्णय वेळीच झाला. सूर्यासारख्या ताऱ्याचा स्वभाव एका पिढीच्या निरीक्षणांतून कळत नाही. ते कार्य पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या दप्तरातूनच साध्य होते, हेच अलिबागच्या इतिहासातून स्पष्ट होते.