लाकडात लपलेला गंज

महाबळेश्वर-पाचगणीकडे घराबाहेर लाकडी फळ्यांचा सज्जा बांधायचा ठरला की सगळी चर्चा लाकडाची होते. खिळे मात्र दुकानात मिळतील ते. काही पावसाळ्यांनंतर फळी धड असते, पण हलू लागते. खिळा उपटून पाहिला तर डोके बरे दिसते आणि आतला दांडा झिजून बारीक झालेला असतो. असे का व्हावे?

डोक्याला हवा मिळते, ओल्या लाकडात रुतलेल्या दांड्याला ती फारशी मिळत नाही. एकाच खिळ्याच्या दोन टोकांमध्ये विद्युतघट तयार होतो आणि जिथे ऑक्सिजन कमी तिथले लोखंड विरघळते. त्यात लाकडातली आम्ले भर घालतात. बाभळीच्या सालीत टॅनिन भरपूर, म्हणून ती कातडी कमावायला वापरत. हिरड्यातही तेच. हिरड्याच्या पाण्यात हिराकस घालून पूर्वी शाई करीत. वर्गात हे सहज दाखवता येईल. हिरडा ठेचून रात्रभर भिजवा आणि त्या पाण्यात घासलेला खिळा टाका. पाणी काळे पडेल. ओल्या लाकडात खिळ्याभोवती पडणारा काळा डाग ही तीच शाई!

बाभळीच्या बैलगाडीचे चाक पहा. त्याची पकड खिळ्यांवर नसते. लोहार धाव तापवून चाकावर चढवतो आणि वर पाणी ओततो. धाव आकसते आणि आरे तुंब्यात घट्ट बसतात.

खिळ्याचा दुसरा वैरी सापडला समुद्रात. १७६१ साली ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले, ते लोखंडी खिळ्यांनी. दोन वर्षांत खिळे खाऊन गेले. जिथे पत्र्याचा वेष्टनाचा कागद चुकून मध्ये राहिला होता, तिथले तेवढे शाबूत होते. ओलाव्यात तांब्याशेजारी लोखंडाचा निभाव लागत नाही.

हे जुने प्रकरण आजच्या सज्जात पुन्हा येते. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोन्ती कामेशम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण लाकडात मुरवण्याची पद्धत काढली. वाळवी, बुरशी दूर राहू लागली. जगभर गेलेला हा भारतीय शोध आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवा, असे आम्हांला वाटते. आर्सेनिकमुळे अमेरिकेत २००३ अखेर त्याचा घरगुती वापर थांबला. त्याजागी आलेल्या औषधांत तांबे आणखी जास्त, म्हणजे खिळ्याला धोकाही जास्त.

उपाय दोन. जस्ताचा लेप, ज्याचे पेटंट फ्रान्समध्ये सोरेल यांनी १८३७ मध्ये घेतले. जस्त स्वतः झिजते आणि लोखंड वाचवते. म्हणून लेप जाड हवा, वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला. नुसता चकाकणारा पातळ मुलामा लवकर संपतो. दुसरा उपाय स्टेनलेस पोलाद. जत-आटपाडीकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिथे साध्या सागाला जस्ताचा खिळा पुरतो. महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर. तिथे, विशेषतः औषध मुरवलेल्या लाकडाला, स्टेनलेसच घ्यावे. मात्र स्क्रू स्टेनलेसचा आणि खालची पट्टी जस्ताची, असे करू नये. ओलाव्यात पट्टीवरचे जस्त आधी जाते.