एका खोलीतील तीन विद्यार्थी : महाविद्यालयीन प्रेषितकार्याची ओळख

इ. स. १५२९ मध्ये पॅरिस विद्यापीठाच्या सेंट बार्ब महाविद्यालयात तीन विद्यार्थी एका खोलीत राहू लागले. पीटर फेबर हा सॅव्हॉयच्या डोंगराळ भागातील, लहानपणी मेंढ्या राखलेला सालस तरुण होता. फ्रान्सिस झेविअर नवारच्या सरदार घराण्यातला, खेळात तरबेज आणि मोठ्या पदाची स्वप्ने पाहणारा होता. तिसरे इग्नेशियस लोयोला. ते या दोघांपेक्षा सुमारे पंधरा वर्षांनी मोठे होते आणि लढाईत जायबंदी झाल्यामुळे लंगडत चालत. फेबर इग्नेशियसना अभ्यासातील अवघड भाग समजावून देई, तर इग्नेशियस फेबरच्या मनातील घालमेल शांतपणे ऐकून घेत. झेविअर प्रारंभी इग्नेशियसची थट्टाच करी. या सहवासातूनच १५ ऑगस्ट १५३४ रोजी माँमार्त्र येथे सात मित्रांनी देवापुढे व्रत घेतले आणि पुढे येशूसंघ उदयास आला. ६ मे १५४२ रोजी झेविअर गोव्याच्या किनाऱ्यावर उतरले, तो इतिहास आपल्या भाविकांना परिचित आहे. मित्रांच्या पत्रांतील सह्या कापून त्यांनी त्या आपल्या गळ्याशी जपून ठेवल्या होत्या, ही गोष्ट मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

महाविद्यालयीन प्रेषितकार्य, म्हणजेच ज्याला आपण ‘कॅम्पस मिनिस्ट्री’ म्हणतो, ते समजून घेण्यासाठी या खोलीपासून सुरुवात करणे योग्य ठरेल.

अर्थ आणि व्याप्ती

महाविद्यालयात वा विद्यापीठात शिकणाऱ्या तरुणांच्या श्रद्धाजीवनाची, तसेच त्यांच्या समग्र विकासाची ख्रिस्तसभेने घेतलेली काळजी म्हणजे महाविद्यालयीन प्रेषितकार्य. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १५ ऑगस्ट १९९० रोजी कॅथोलिक विद्यापीठांविषयी ‘एक्स कोर्दे एक्लेसिये’ हे विधान प्रसृत केले. श्रद्धा आणि दैनंदिन विद्यार्थीजीवन यांची सांगड घालण्याची संधी या सेवेतून मिळावी, अशी अपेक्षा त्यात व्यक्त झाली आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या युवाविषयक सिनडनंतर २५ मार्च २०१९ रोजी ‘ख्रिस्तूस व्हिवित’ हे प्रबोधनपत्र दिले. त्यात युवाकार्याला स्वतंत्र प्रकरण आहे आणि येशूशी असलेली मैत्री व मित्रांची परस्परांशी असलेली मैत्री यांचाही विचार एकत्रितपणे केलेला आहे.

या कार्याचे दोन प्रकार संभवतात. कॅथोलिक महाविद्यालयात प्रार्थनामंदिर असते, धर्मगुरू वा धर्मभगिनी उपलब्ध असतात. इतर महाविद्यालयांत यांपैकी काहीच नसते. तेथे ख्रिस्ती विद्यार्थी विखुरलेले असतात आणि पुष्कळदा एकाच वर्गातील दोघांनाही परस्परांची ओळख नसते. पुण्यातील आपल्या मुलामुलींपैकी बहुतेकांची स्थिती या दुसऱ्या प्रकारची आहे.

चळवळीचा मागोवा

या कार्याचा आरंभ अनेकदा विद्यार्थ्यांनीच केला आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी मित्रांसह वादसभा भरवीत असे. ‘तुमची ख्रिस्तसभा आज गरिबांसाठी काय करते?’ या आशयाचा प्रश्न त्याला विरोधकांकडून विचारण्यात आला. त्याने वाद थांबवला आणि मित्रांना घेऊन गरिबांच्या घरांची वाट धरली. आज आपल्या अनेक धर्मग्रामांत कार्यरत असलेली संत व्हिन्सेंट द पॉल संस्था अशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीतून जन्मली.

अमेरिकेत १८९३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिला ‘न्यूमन क्लब’ निघाला. ज्यांचे नाव त्याला दिले गेले, त्या संत जॉन हेन्री न्यूमन यांना १ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले. इटलीत १८९६ मध्ये कॅथोलिक विद्यापीठीय विद्यार्थ्यांचा महासंघ स्थापन झाला, तर १९२१ मध्ये ‘पॅक्स रोमाना’ ही आंतरराष्ट्रीय संघटना अस्तित्वात आली. भारतात १९२४ साली दक्षिणेत येशूसंघीय धर्मगुरूंच्या पुढाकाराने ज्या कार्याची सुरुवात झाली, त्यातून ‘ऑल इंडिया कॅथोलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन’ म्हणजेच ‘आयकफ’ ही चळवळ आकारास आली. फ्रान्सहून आलेले फादर पिएर सेराक यांनी १९५० व १९६० च्या दशकांत तिचे राष्ट्रीय मार्गदर्शक म्हणून विद्यार्थ्यांना श्रमशिबिरांकडे आणि गरिबांच्या वस्त्यांकडे नेले. १९७० च्या पूनमल्ली जाहीरनाम्याने या चळवळीने सामाजिक न्यायाचा प्रश्न आपल्या केंद्रस्थानी आणला. केरळात उगम पावलेल्या ‘जीझस यूथ’ चळवळीला २०१६ मध्ये रोमची मान्यता मिळाली. प्रार्थनागट आणि संगीत यांच्या साहाय्याने ती महाविद्यालयांत कार्य करते.

पुण्यातील चित्र

पुणे धर्मप्रांताची स्थापना १८८६ सालची. पूर्वी या धर्मप्रांतात असलेल्या प्रदेशांतून पुढे १९८७ मध्ये नाशिक आणि २००५ मध्ये सिंधुदुर्ग हे धर्मप्रांत वेगळे झाले. सीमा बदलल्या, तरी श्रीरामपूर, संगमनेर किंवा सावंतवाडीकडील मुले उच्च शिक्षणासाठी आजही पुण्याची वाट धरतात. त्यांच्याबरोबरच गोवा, केरळ व ईशान्य भारतातून आलेले कॅथोलिक विद्यार्थीही येथे राहतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातून आलेला मुलगा डोळ्यांसमोर आणा. दरवर्षी हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला तो आजीचा हात धरून गेलेला असतो. गावच्या देवळात पेटीवर भजन म्हणणारा हा मुलगा पेठेत ‘कॉट बेसिस’वर राहतो, मेसमध्ये जेवतो. पहिल्या रविवारी चौकशी करत, दोन बस बदलून तो कॅम्पातील चर्चमध्ये पोहोचतो. तेथे मिस्सा इंग्रजीत चालू असते. मराठी मिस्सा किती वाजता असते, हे त्याला ठाऊक नसते आणि विचारण्याचे धैर्यही होत नाही. तो शेवटच्या बाकावर बसतो. मिस्सेनंतर आवारात ओळखीची माणसे घोळक्याघोळक्याने बोलत उभी असतात, त्यांच्या कडेने तो फाटकाबाहेर पडतो. असे दोन-तीन रविवार जातात. पुढे तो येईनासा होतो. मग आपण म्हणतो, ‘शहरात आले की पोरांची श्रद्धा उडते.’ त्याचे नाव कोणीही विचारले नव्हते, याची नोंद मात्र कोठेच होत नाही.

शहरातच वाढलेल्या मुलांची अडचण निराळी असते. दृढीकरण संस्कार झाला की धर्मशिक्षण संपते, त्याच सुमारास क्लासेस सुरू होतात आणि चर्चशी नाते नाताळ व ईस्टरपुरते उरते.

श्रद्धा

विद्यार्थीगटाचा पाया श्रद्धा हाच असावा, याविषयी दुमत नाही. परंतु वीस वर्षांच्या तरुणाची श्रद्धा दहा वर्षांच्या बालकाच्या उत्तरांवर उभी राहू शकत नाही. विज्ञान आणि सृष्टीची निर्मिती, निरपराधांचे दुःख, इतर धर्मांतील सत्य, पापनिवेदनाची आवश्यकता, ख्रिस्ती समाजातही टिकून राहिलेला जातिभेद, हे प्रश्न तो विचारणारच. ‘असे प्रश्न विचारू नयेत’ असे म्हणणारा मार्गदर्शक त्याला गमावून बसतो. या बाबतीत पुण्याचे भाग्य थोर आहे. १८९३ मध्ये कँडी येथे सुरू झालेली पेपल सेमिनरी १९५५ मध्ये नगर रस्त्यावर आली आणि तेथील ज्ञानदीप विद्यापीठात तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांचे अध्यापन चालते. तेथील अनेक धर्मविद्यार्थी या महाविद्यालयीन मुलांच्याच वयोगटातील असतात. दोघांची गाठ पडली, तर दोघांचेही शिक्षण होईल.

प्रत्यक्ष कार्यक्रम साधा असावा. आठवड्यातून एकदा तासभर शुभवर्तमानाचे वाचन व चर्चा, महिन्यातून एकदा विद्यार्थ्यांची मिस्सा, आगमनकाळ व उपवासकाळात एक दिवसाची साधना आणि परीक्षेच्या दिवसांत विसावा, एवढे नियमाने झाले तरी पुरे.

मैत्री

मैत्रीला आपण पुष्कळदा गळाला लावलेल्या आमिषासारखे वापरतो. मुले चर्चला यावीत म्हणून त्यांच्याशी गोड बोलतो. तरुणांना हे तत्काळ उमगते. येशूने शिष्यांना सेवक न म्हणता मित्र म्हटले, असे संत योहानाच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. तेव्हा मैत्री हे साधन नसून खुद्द शुभवर्तमानाचाच भाग आहे. वसतिगृहात तापाने फणफणलेल्या मुलाला डबा नेऊन देणे, नापास झालेल्या मुलीच्या शेजारी मुकाट्याने बसणे, इंग्रजी कच्चे असलेल्याला सादरीकरणाची तयारी करून देणे, हे सारे प्रेषितकार्यच आहे.

ही मैत्री आपल्याच लोकांपुरती असू नये. शनिवार पेठेतील ‘स्नेहसदन’ या येशूसंघीय संस्थेने फादर मॅथ्यू लेडर्ले यांच्या काळापासून इतर धर्मीयांशी स्नेहसंवादाची वाट दाखवली. जर्मनीहून आलेल्या या धर्मगुरूंनी महाराष्ट्रातील आधुनिक तत्त्वविचाराचा अभ्यास केला व त्यावरील त्यांचा ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या मैत्रीत आदर होता, म्हणून ती विश्वासाला पात्र ठरली. विद्यार्थीगटात कोणी हिंदू वा मुस्लीम मित्र आला, तर तो पाहुणा आहे, ‘संख्या’ नव्हे, हे भान प्रत्येकाने ठेवावे. धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये, ही १९६५ सालच्या व्हॅटिकन परिषदेच्या जाहीरनाम्याचीच शिकवण आहे.

आनंद

काही ज्येष्ठांना वाटते की सहली आणि गाणीबजावणी म्हणजे वेळेचा अपव्यय. त्यांनी संत जॉन बॉस्को यांचे स्मरण करावे. किएरी येथे विद्यार्थी असताना त्यांनी १८३२ मध्ये मित्रांची ‘आनंद मंडळी’ काढली. ख्रिस्ती माणसाला न शोभणारे काही करू नये, अभ्यास व धर्म यांतील कर्तव्ये चोख पार पाडावीत आणि आनंदी राहावे, असा तिचा नेम होता. तुरीनचे संत पिएर जॉर्जो फ्रासाती खाणशास्त्राचे विद्यार्थी होते. पर्वतारोहण, मित्रांच्या खोड्या आणि खळाळते हास्य यांसाठी ते प्रसिद्ध होते. ४ जुलै १९२५ रोजी वयाच्या २४ व्या वर्षी पोलिओने त्यांचा अंत झाला. अंत्ययात्रेला लोटलेल्या गरिबांना पाहून त्यांच्या कुटुंबीयांना त्यांच्या गुप्त सेवेची खरी कल्पना आली. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांना संत घोषित केले.

आपल्याकडेही आनंदाची साधने विपुल आहेत. पहाटे सिंहगड चढावा, वर शुभवर्तमानाचा एखादा उतारा वाचावा आणि पिठले-भाकरी खाऊन उतरावे. १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक स्पर्धेने पुण्याच्या महाविद्यालयांत एकांकिकेचे वेड रुजवले. ते वेड नाताळच्या नाटिकेत का उतरू नये? गावाकडच्या मुलाची ढोलकी आणि कॅम्पातल्या मुलीची गिटार एकाच गीतात वाजली की भाषेची भिंत आपोआप खचते. हसण्याच्या ओघात कोणाची जात, रंग वा बोली थट्टेचा विषय होत नाही ना, याकडे मात्र लक्ष असावे.

अडचणी आणि पथ्ये

महाविद्यालयीन गटाचे आयुष्य मुळातच अल्प असते. पदवीची तीन-चार वर्षे संपली की जाणती मुले निघून जातात आणि पुन्हा शून्यापासून आरंभ करावा लागतो. म्हणून प्रत्येक तुकडीने आपल्यामागून येणाऱ्यांना वेळीच जबाबदारी द्यावी. धर्मगुरूंची बदली झाल्यावर गट मोडू नये, यासाठी प्रापंचिकांपैकी एखादे प्राध्यापक वा दांपत्य सोबतीला असावे. सहलींच्या वेळी जबाबदार स्त्री-पुरुष बरोबर असावेत आणि पालकांना पूर्वसूचना असावी. उपस्थितीचे आकडे वाढवण्याच्या हव्यासात माणसे हरवू नयेत.

आपण काय करू शकतो?

प्रिय बंधुभगिनींनो, जूनमध्ये महाविद्यालये सुरू होतात. चर्चच्या फलकावर मराठी मिस्सेची वेळ ठळक लिहिणे, मिस्सेनंतर दारात दोघांनी उभे राहून नवागतांची नावे विचारणे, आवारात चहाची सोय करणे, महिन्यातून एखाद्या रविवारी एका विद्यार्थ्याला आपल्या घरी जेवायला बोलावणे, यासाठी वेगळा निधी वा समिती लागत नाही. गावाकडील पालकांनी व धर्मगुरूंनीही आपला मुलगा वा मुलगी पुण्यात कोठे राहणार आहे, हे जवळच्या धर्मग्रामास कळवावे.

दूर देशी एकट्याने कार्य करताना संत फ्रान्सिस झेविअरना मित्रांच्या नावांचा आधार वाटला. शेवटच्या बाकावर बसलेल्या आपल्या विद्यार्थ्यालाही येत्या रविवारी कोणीतरी नावाने हाक मारावी, एवढीच विनंती.