स्वस्त सहल, जुना गांव

कोल्हापूरनजीक कणेरी मठाच्या आवारांत सिद्धगिरि ग्रामजीवन संग्रहालय आहे. तेथें उघड्यावर पुतळ्यांनीं जुना गांव मांडला आहे. सकाळींच कोल्हापुराहून बसनें जावें, दशम्या घरच्याच न्याव्या. म्हणजे तिकिटांपलीकडे फारसा खर्च होत नाहीं.

मात्र पाहतांना घाई करूं नये. सुतार, लोहार, कुंभार दाखवून मुलांस सांगावें कीं, ह्यांचें वेतन म्हणजे सुगीचें बलुतें. मग विचारावें, महारवाडा गांवकुसाबाहेर कां असे? महारवतनाच्या जाचाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत विधेयक मांडलें. तें वतन १९५८ च्या कायद्यानें रद्द झालें. एवढें पुतळे सांगूं शकत नाहींत. तें घरच्या वडीलधाऱ्यांनींच सांगावें.