जुना पॅनल ट्रक : मूळ काय, बदललेले काय?

मागचा भाग पेटीसारखा बंद, बाजूंना खिडक्यांऐवजी सलग पत्रा आणि मागे उघडणारी दोन उभी दारे, अशी पॅनल ट्रकची साधी ओळख सांगता येईल. पाव, फुले, धुलाईचे कपडे घरोघर पोहोचविणाऱ्या अमेरिकी व्यावसायिकांची ही गाडी होती. तिच्या बाजूच्या पत्र्यावर दुकानाचे नाव हाताने रंगविलेले असे. आज या गाड्या हौशी संग्राहकांच्या हाती आहेत. मात्र सात दशकांत बहुतेक गाड्यांचे अनेक भाग बदलले गेले. त्यामुळे अशी गाडी दुरुस्तीला घेताना पहिला प्रश्न उभा राहतो तो म्हणजे, यातले मूळ किती?

शेव्हर्ले कंपनीची १९४७ ते १९५५ या काळातील ‘अॅडव्हान्स डिझाइन’ मालिका हे या अभ्यासाचे उत्तम उदाहरण आहे. या मालिकेतील अर्ध्या टनाच्या पॅनल ट्रकचा मॉडेल क्रमांक ३१०५, तर एक टनाच्या ट्रकचा ३८०५ असे.

आधी क्रमांकपट्टी

चालकाच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर धातूची लहान पट्टी असते. तीवरील क्रमांकात कारखाना, वर्ष, वर्ग आणि महिना दडलेला असतो. ‘५एचपीबी’ने सुरू होणारा क्रमांक असेल, तर ‘५’ म्हणजे कॅन्सस सिटीचा कारखाना, ‘एच’ म्हणजे १९५०, ‘पी’ म्हणजे अर्ध्या टनाचा वर्ग आणि ‘बी’ म्हणजे फेब्रुवारी. १९४७ साठी ‘ई’, १९४८ साठी ‘एफ’, १९४९ साठी ‘जी’, १९५१ साठी ‘जे’ आणि १९५२ साठी ‘के’ ही अक्षरे होती.

तथापि, केवळ पट्टीवर विसंबणे धोक्याचे ठरते. पट्टी काढून दुसऱ्या गाडीला लावता येते. शिवाय त्या काळात अमेरिकेतील काही राज्यांत वाहनाची नोंदणी इंजिनच्या क्रमांकावर होत असे. इंजिन बदलले की कागद आणि गाडी यांची फारकत होई.

इंजिन काय सांगते?

१९५३ पर्यंत अर्ध्या टनाच्या ट्रकला २१६ घनइंचाचे, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन येत असे. १९५४ पासून त्याची जागा २३५ घनइंचाच्या इंजिनने घेतली. जुन्या इंजिनात बॅबिट धातूचे ओतीव बेअरिंग असून कनेक्टिंग रॉडला तेल शिंतोड्यांच्या पद्धतीने मिळे. नव्यात पूर्ण दाबाने तेल पोहोचविले जाई. त्यामुळे अनेक मालकांनी त्या काळीच जुन्या गाडीत नवे इंजिन बसवून घेतले.

डिस्ट्रिब्युटरजवळ इंजिनचा क्रमांक ठोकलेला असतो आणि ब्लॉकवर ओतकामाची तारीखही आढळते. त्यातील अक्षर महिना दाखविते, पुढील आकडा दिवस आणि शेवटचा आकडा वर्षाचा. ‘सी १५ ०’ म्हणजे १५ मार्च १९५०. ओतकामाची तारीख गाडीच्या बांधणीच्या आधीची असायला हवी. ती नंतरची निघाली, तर इंजिन नक्कीच बदललेले आहे.

वर्षागणिक खुणा

१९४७ मध्ये तीन गिअरचा दांडा जमिनीवर होता. १९४८ मध्ये तो स्टिअरिंगच्या खांबावर आला. १९५० मध्ये नळीच्या आकाराचे शॉक अॅब्सॉर्बर आले. १९५१ मध्ये दारांना हवेसाठी छोटी तिकोनी काच मिळाली आणि ब्रेकची रचनाही बदलली. १९५२ मध्ये बाहेरील मुठी बटण दाबून उघडणाऱ्या झाल्या. १९५४ मध्ये दोन भागांच्या सपाट काचेऐवजी सलग वक्र काच आणि पाच आडव्या पट्ट्यांच्या जाळीऐवजी नवी भक्कम जाळी आली.

त्यामुळे १९४९ च्या क्रमांकाच्या गाडीला तिकोनी काच दिसली, तर दार नंतरच्या गाडीचे समजावे. असे दार शेव्हर्लेचेच असते. मात्र ते त्या गाडीचे मूळ दार नसते. हा भेद किंमत ठरविताना महत्त्वाचा असतो.

पत्र्याची साक्ष

पॅनल ट्रकमध्ये सर्वाधिक आढळणारा फेरफार म्हणजे बाजूचा पत्रा कापून बसविलेल्या खिडक्या. अशा वेळी आतील बाजू पाहावी. घाईने कापलेल्या खिडकीभोवती आतील आधारपट्ट्या तुटलेल्या असतात आणि कडा असमान दिसतात. कारखान्यातील स्पॉट वेल्डिंगचे ठिपके लहान, गोल व ठरावीक अंतरावर असतात. नंतरच्या वेल्डिंगला उंचवटे आणि घासल्याच्या खुणा राहतात. कापडात गुंडाळलेले चुंबक पत्र्यावर फिरविल्यास ज्या ठिकाणी ते सैल पडते, तेथे लांबीचा जाड थर असण्याची शक्यता असते.

रंग खरवडण्याची घाई मात्र करू नये. एका कोपऱ्यात बारीक कागदाने हळूहळू घासल्यास रंगाचे थर वर्तुळांसारखे उलगडतात. क्वचित त्यांच्याखाली जुन्या दुकानाचे नाव सापडते. एकदा पत्रा उघडा केला की हा पुरावा कायमचा नष्ट होतो.

चॅसीखाली

मूळ गाडीला पुढे सरळ अखंड अॅक्सल व कमानपाटे, सहा बोल्टची चाके आणि सहा व्होल्टची वीजयंत्रणा असे. १९५४ पर्यंत प्रॉपेलर शाफ्ट बंद नळीत फिरे. १९५५ च्या पहिल्या मालिकेत तो उघडा झाला. पाच बोल्टची चाके, बारा व्होल्टची बॅटरी, मेट्रिक मापाचे बोल्ट किंवा फोर्डच्या १९७४ ते १९७८ मधील ‘मस्टँग टू’ धर्तीचे पुढील सस्पेन्शन हे सारे नंतरचे फेरफार होत.

कायद्याचा संबंध

हा विषय केवळ अमेरिकेपुरता नाही. जनरल मोटर्सने १९२८ ते १९५४ या काळात मुंबईत शिवडी येथे गाड्यांची जुळणी केली होती. त्यामुळे शेव्हर्ले हे नाव जुन्या मुंबईकरांना परके नाही. भारतात २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. खासगी, अव्यापारी वापरातील पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी त्यानुसार मिळते. वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चॅसी, बॉडी वा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. म्हणजे मूळ भाग ओळखणे हा आता केवळ हौसेचा मामला राहिलेला नाही.

प्रत्येक फेरफार वाईट असतो, असेही नाही. दुहेरी मास्टर सिलिंडर किंवा डिस्क ब्रेकमुळे आजच्या रहदारीत जीव वाचू शकतो. आक्षेप असतो तो बदल लपविण्याला. म्हणून पहिला बोल्ट सैल करण्यापूर्वी सर्व बाजूंची छायाचित्रे काढावीत, क्रमांक टिपावेत आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावा. भंगारात गेलेला मूळ भाग पुन्हा मिळत नाही. जपून ठेवला, तर गाडीचा पुढचा मालक तो परत बसवू शकतो.